हद्द कायम

अर्ज साधा होता. गट नंबर एकशे बारा आणि एकशे तेरा.
मधला बांध माझ्या रानात सरकला, ही सोजरबाई लोमटेंची तक्रार.
बांध सरकत नसतो, माणसं सरकतात,
हा तात्याबा गिरामांचा जबाब.
सतरा वर्षं. या काळात तीन तहसीलदार बदलून गेले,
बांधावरची बाभूळ दोनदा तोडली, दोनदा फुटली.

मी साखळीच्या काळातला भूकरमापक.
या खेपेला पेटीतून ड्रोन आणला
आणि तो उडवायला अंबडचा अझहर,
ज्याला मिसरूड नुकतं फुटलंय.
माघ सरत आलेला. दुधना कोरडी.
ज्वारी कमरेएवढीच राहिलेली त्या साली.
एक टिटवी त्या घोंघावत्या पाखराला
खालून शिव्या देत राहिली, आम्ही निघेपर्यंत.

चार वाजता उन्हं तिरपी झाली.
अझहर म्हणाला, "साहेब, हे काय आलंय?"

पडद्यावर बांध होता, बाभूळ होती,
तात्याबांची विहीर, अर्धी सावलीत बुडालेली,
आणि या सगळ्यांखालून, तिरपी,
कुणाचीही परवानगी न घेता गेलेली
एक फिकट पट्टी.
एक गाडी जाईल, समोरची थांबेल, एवढीच रुंद.
तिच्यावरची ज्वारी आधीच वाळलेली,
पेरं आखूड,
खाली कुणी दगड अंथरून ठेवावा
आणि मुळांनी तिथवर जाऊन परत फिरावं, तशी.

दोन्ही अंगांना वाफे. लहान लहान.
कडा वाकड्या,
भाकरी थापताना कुणी हाक मारली की होतात तशा.
एक्केचाळीस मोजले, मग मोजणं सोडलं.
मधल्या रेषा मात्र हिरव्या. बुजलेले चर असतील,
अजून ओल धरून बसलेले.
पट्टी पांढरीच्या टेकाडापासून निघते
आणि नदीत अशा जागी उतरते
जिथं आता उतारच नाही, नुसता कडा आहे.

किती जुनी? मला विचारू नका.
आमच्या दप्तरात निजामाच्या मोजणीमागे पान नाही.

सोजरबाईंनी पदराची सावली धरून पडद्यात पाहिलं.
"हितं नांगर उडतो," त्या म्हणाल्या.
"सासऱ्याचा बी उडायचा. बैल हितं आले की
मान वाकडी घेत्यात. मारलं तरी घेत्यात.
आमी म्हणायचो, खोड हाय जनावराची."

तात्याबा चपलेनं ढेकूळ फोडत होते.
"माझे बी घेत्यात," ते म्हणाले.
अझहरकडे पाहून म्हणाले. पण म्हणाले.

मी चित्र मोठं केलं.
बांध सरळच होता, फक्त पट्टी ओलांडताना
हातभर वाकलेला.
दरसाल एक बोट, अर्धं बोट,
कुणाच्या मनात नसताना.
कुणी काही बोललं नाही.
अझहरनंच विचारलं, "पण जायचा कुठं हा रस्ता?"
"पाण्याला," सोजरबाई म्हणाल्या,
"आनि कुठं जातंय माणूस?"

चाकोरी हा शब्द आजवर मी
माझ्या नोकरीला नावं ठेवायला वापरत होतो.

उजेड होता तोवर हद्दीचे दगड रोवून घेतले.
दोन बसले. तिसऱ्याला पहार मारली,
खणकन वाजली, हाताला झिणझिण्या.
बाजूला मारली, तिथंही तेच.
खड्ड्यात वाकून पाहिलं तर एक चपटा दगड,
वरून घासून गुळगुळीत,
घराच्या उंबऱ्यासारखा मधोमध खोल झालेला.

पहार पुन्हा उचलली तशी
तात्याबा पुढं झाले. म्हणाले, "हितं नको.
चार बोटं इकडं घ्या."
इकडं म्हणजे त्यांच्याच रानात.
सोजरबाईंनी मुठीनं माती लोटली त्या दगडावर,
जरा घाईनं,
उघड्या पडलेल्या अंगावर टाकावी तशी.

नकाशा दाखल केला.
कब्जेदार, क्षेत्र, पोटखराबा, सगळं भरलं.
वहिवाट कोणाची, या रकान्याशी
पेन बराच वेळ थांबलं होतं.
शाईचा तो ठिपका अजून आहे तिथं.
साहेबांनी डाग समजून सही केली.